डोळा, डोया, डोरा : चांदा-गडचिरोलीच्या बोलींची घडण

भगवान महावीरांनी आपली देशना विद्वानांच्या संस्कृतात न देता लोकांच्या भाषेत दिली, ही गोष्ट जैन घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. समवायांग व औपपातिक या सूत्रांत ही भाषा अर्धमागधी असल्याचे सांगितले आहे. ही वाणी आर्य-अनार्य सर्वांना आपापल्या भाषेत परिणत होत असे, असेही औपपातिकात वर्णन आहे. दिगंबर परंपरा दिव्यध्वनीच्या संदर्भात अठरा महाभाषा व सातशे लघुभाषांचा उल्लेख करते. सातव्या शतकातील जिनदासगणी महत्तर यांनी निशीथचूर्णीत अर्धमागधी या नावाची फोड करताना दोन अर्थ दिले आहेत : अर्ध्या मगध देशाची भाषा, किंवा अठरा देशी भाषांचे मिश्रण असलेली भाषा. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित म्हणता येते, की आगमांची भाषा विहाराच्या वाटेवर, गावोगावच्या श्रोत्यांमध्ये घडलेली भाषा होती. बृहत्कल्पभाष्यासारख्या ग्रंथात साधूंनी देशाटन करून जनपदांच्या भाषा जाणून घ्याव्यात, असे सांगितले आहे त्याचे कारणही हेच.

ज्या प्रदेशात ही स्मरणिका वाचली जाणार आहे, तो चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन जिल्ह्यांत वरोऱ्याहून निघून चंद्रपूर, मूल, चामोर्शी, आलापल्ली असा प्रवास करीत सिरोंचाला पोचणारा माणूस एका दिवसात मराठीच्या किमान दोन बोली, गोंडी, तिची माडिया बोली, तेलुगू, बंगाली आणि बाजारातली हिंदी ऐकतो. वाट थोडी वाकडी करून जिवती-कोरपन्याकडे गेला तर कोलामी, आणि कोरची-कुरखेड्याकडे गेला तर छत्तीसगढी व हलबी ऐकतो. एवढ्या भाषा एकाच जंगलात कशा जमल्या आणि एकमेकींच्या शेजाराने त्यांचे स्वर कसे पालटले, याचा इतिहास दरबारी कागदपत्रांत फारसा सापडत नाही. तो लोकांच्या उच्चारांतच नोंदवलेला आहे.

एक डोळा, तीन उच्चार

पुण्याच्या पाठ्यपुस्तकातला 'डोळा' वऱ्हाडात 'डोया' होतो. वर्धा नदीच्या आसपास, वरोरा-भद्रावतीच्या बाजूलाही हा 'य' कानी पडतो. मात्र पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात, ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा, आरमोरी या भागात गेले की त्याच 'ळ'चा 'र' होतो आणि डोळ्याचा 'डोरा' होतो. जवळचे ते 'जवर', सकाळी ती 'सकारी', काळा तो 'कारा'. ही झाडीबोली. झाडी म्हणजे दाट अरण्य. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या वनव्याप्त, धानपिकाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि त्यावरूनच बोलीला नाव मिळाले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास, शब्दसंग्रह आणि साहित्य संमेलने यांत आयुष्य वेचले. तोवर नागपुरी किंवा वऱ्हाडी यांचीच एक खेडवळ तऱ्हा म्हणून तिची बोळवण होत असे.

झाडीबोलीत 'ण' नाही, 'श' नाही आणि 'ळ'ही नाही. पाणी ते 'पानी', कोण ते 'कोन', शेत ते 'सेत'. 'मला-तुला' यांऐवजी 'मले-तुले' म्हणण्याची रीत मात्र एकट्या झाडीची नाही. ती वऱ्हाडी-नागपुरीत आहे आणि खानदेशच्या अहिराणीतही आहे. म्हणजे 'ले' प्रत्ययाचा प्रदेश तापीपासून वैनगंगेपर्यंत पसरलेला, 'पानी' म्हणणाऱ्यांचा प्रदेश थेट उत्तर हिंदुस्थानाशी जोडलेला, आणि 'डोरा' म्हणणाऱ्यांचा प्रदेश फक्त पूर्वेचा. या तीन सीमा एकमेकींवर बसत नाहीत. बोली म्हणजे कुंपण घातलेले शेत नसते. प्रत्येक उच्चार आपापल्या वाटेने, आपापल्या वेगाने चालतो, आणि अनेक उच्चार जेथे एकत्र मुक्काम करतात तेथे लोक बोलीला एक नाव देतात.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेण्याची पद्धत त्यांनी ठेवली होती. गोष्ट एकच असल्यामुळे उच्चार व प्रत्यय यांची तुलना सोपी झाली. बस्तरची हलबी बोली या खंडात मराठीच्या पंक्तीला बसवलेली आहे. तिच्यात मराठी, उडिया आणि छत्तीसगढी यांचे असे मिश्रण आहे की तिचे गोत्र ठरवताना अभ्यासकांत आजही एकवाक्यता नाही. जंगलातल्या भाषेला एकच कूळ असावे, हा आग्रहच मुळात शहरी म्हणावा लागेल.

'ण' आणि 'न' : अशुद्ध कोणते?

शाळेत 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला हसण्याची प्रथा फार जुनी आहे. तिच्यामुळे झाडीपट्टीतील अनेक पिढ्यांनी घराबाहेर तोंड मिटून राहणे पत्करले. 'ण' न उच्चारणे हे अज्ञानाचे लक्षण समजले गेले. या समजुतीची तपासणी जैन समाजाला अगदी घरच्या घरी करता येते.

नवकार मंत्राचा पहिलाच शब्द पाहावा. कोणी 'णमो' म्हणतात, कोणी 'नमो'. दिगंबर परंपरेत 'णमो' रूढ आहे, श्वेतांबर मूर्तिपूजकांत बहुधा 'नमो'. दोन्हींनी होणारे वंदन एकच आहे, आणि कोणताही आचार्य दुसऱ्या उच्चाराला वंदनच मानत नाही असे घडलेले नाही. कलिंगराज खारवेलाचा हाथीगुंफा शिलालेख भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या टेकडीवर आहे. त्याच्या आरंभीच्या मंगलात आधीचा आणि शेवटचा असे दोन्ही ठिकाणी 'न' आहे. मावळ तालुक्यातील पाले येथील लेण्यात सापडलेला, महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेख म्हणून ओळखला जाणारा शिलालेखही 'न'कारानेच अरहंतांना वंदन करतो. हे दोन्ही लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे महाराष्ट्री प्राकृतात 'न'चा 'ण' करण्याकडे कल वाढला आणि ग्रंथांच्या प्रतींतून 'णमो' स्थिरावला.

उलट दिशेचा बदलही जैन आचार्यांनीच नोंदवून ठेवला आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेले. त्यांनी आपल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृतांना दिला आणि त्यात पैशाचीचे लक्षण सांगताना 'ण'चा 'न' होतो असा नियम घालून दिला. पैशाची म्हणजे गुणाढ्याच्या बृहत्कथेची भाषा. सातवाहनाच्या दरबारात तिची उपेक्षा झाली, तेव्हा गुणाढ्याने विंध्याच्या अरण्यात पशुपक्ष्यांना ती कथा ऐकवली, अशी आख्यायिका आहे. झाडीबोली ही पैशाचीची लेक आहे असा दावा येथे करावयाचा नाही, कारण तसा पुरावा नाही. परंतु 'ण'चा 'न' होणे ही भाषेची एक नियमबद्ध चाल आहे, हे एका जैन वैयाकरणाने आठशे वर्षांपूर्वी सूत्रात बांधले होते. हेमचंद्राचार्य एवढ्यावर थांबले नाहीत. संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही असे लोकांचे शब्द त्यांनी 'देशीनाममाला' या कोशात गोळा केले. राजाश्रय असलेल्या पंडिताने गुराखी-नांगऱ्यांच्या शब्दांचा कोश करावा, ही भारतीय विद्येच्या इतिहासातील मोठी घटना मानली पाहिजे.

संवत्सरीला उच्चारले जाणारे 'मिच्छा मि दुक्कडं' हे शब्दही येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. संस्कृतच्या मापाने मोजले तर 'मिथ्या मे दुष्कृतम्' याचा तो 'अपभ्रष्ट' उच्चार ठरेल. 'थ्य'चा 'च्छ' झाला, 'ष्कृ'चा 'क्क' झाला. पण क्षमेचा तो उद्गार संस्कृतात म्हणावा असे कोणाच्या मनात आले नाही.

धान, बोडी आणि बांधी

बोली कोठे टिकते हे पाहावयाचे असेल तर शेतात जावे. उर्वरित महाराष्ट्रात 'भात' हा शब्द शेतातल्या पिकालाही चालतो आणि ताटातल्या अन्नालाही. वैनगंगेच्या खोऱ्यात शेतात असते ते धान. ज्या बांध घातलेल्या खाचरात ते लावतात ती बांधी, बांधाला धुरा, रोपाला पऱ्हे, लावणीला रोवणी. पाणी साठवणारे मोठे ते तलाव आणि लहान ती बोडी. मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयांची परंपरा गोंड राजवटीपर्यंत मागे जाते. तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचे गोंड राजांचे धोरण होते आणि या कामात कोहळी समाजाने नाव कमावले. हा समाज आपले मूळ काशीकडचे सांगतो. कारागीर ज्या मुलखातून येतो तेथले शब्द आपल्या अवजारांबरोबर आणतो. ते शब्द त्या अवजाराचे नाव म्हणून राहतात आणि कारागिराची मुले मात्र गावची बोली बोलू लागतात.

हा नियम सर्वत्र दिसतो. मूल आईकडून भाषा शिकते, पण हेल आणि उच्चार ते सवंगड्यांकडून घेते. परमुलखातून आलेल्या कुटुंबाची दुसरी पिढी गल्लीतल्या मुलांसारखी बोलते, आणि तिसरी पिढी आजोबांच्या उच्चारांना हसते. दुसरे मोठे कारण सोयरिकीचे. झाडीपट्टीत सोयरिकी प्रामुख्याने नदीच्या खोऱ्याच्या आत होतात. लेक ज्या गावी दिली त्या गावी तिचा हेल जातो, आणि जेथे लेकी दिल्या-घेतल्या जात नाहीत तेथे उच्चाराची सीमा पडते. वैनगंगा ही झाडीबोलीची पाठराखीण राहिली ती अशी. पुढे वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता बनते आणि तेथून बोलीचा रंग बदलू लागतो.

द्राविड शेजार

गोंडी, कोलामी आणि तेलुगू या तिन्ही द्राविड कुळातल्या भाषा. गोंडी व तेलुगू यांचे नाते निकटचे, कोलामी वेगळ्या शाखेची. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची देशभरातील संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती आणि कोलामीची सुमारे १ लाख २८ हजार. चांद्यावर गोंड राजांनी १७५१ पर्यंत राज्य केले, नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि १८५० च्या दशकात ब्रिटिशांचा. राज्यकर्त्यांची मातृभाषा असूनही गोंडी दप्तराची भाषा झाली नाही, याची किंमत तिने पुढे मोजली.

पण ती आजूबाजूच्या मराठीत मुरली. एटापल्ली, आलापल्ली, रेपनपल्ली या नावांतील 'पल्ली' म्हणजे वस्ती. हा शब्द द्राविड भाषांत सर्वत्र आहे. तो प्राकृतातही आहे आणि तेथे त्याला अरण्याचा वास आहे. विपाकसूत्रातील अभग्गसेनाच्या कथेत चोरांची वस्ती येते, तिला चोरपल्ली म्हटले आहे. आगमातला शब्द एटापल्लीच्या रस्त्यावरील मैलाच्या दगडावर वाचावयास मिळतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठीतला 'चाक' मधला दंत्य 'च' आणि 'चार' मधला तालव्य 'च' हा भेद हिंदीत नाही, तो तेलुगूत आहे. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून की त्याला सोबत घेऊन, द्राविड भाषांत पक्का आहे आणि मराठीनेही तो जपला आहे.

सिरोंचाचा भाग एकोणिसाव्या शतकात काही काळ अप्पर गोदावरी या वेगळ्या जिल्ह्यात होता आणि गोदावरीपलीकडील कालेश्वराशी त्याचा व्यवहार जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा अधिक जवळचा. तेथील बाजाराची भाषा तेलुगू असणे स्वाभाविक आहे. राजुऱ्याची कथा वेगळी. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच आदिलाबादेत, मार्लवाई येथे, मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४० च्या दशकात गोंड मुलांसाठी देवनागरी लिपीतील गोंडी पुस्तके तयार झाली. हैदराबाद संस्थानच्या सेवेतील सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले आणि त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. मराठी वाचकांना पगडी परिचित आहेत ते मराठेशाहीचे इतिहासकार म्हणून.

गोंडीच्या अनेक बोलींत सातापर्यंतचे अंक स्वतःचे आहेत, आणि पुढचे मराठी-हिंदीतून घेतलेले. कोलामीत चारापर्यंतचे स्वतःचे, पुढचे तेलुगूचे. अंक उसने का घ्यावे लागले? घरात सातापुढे मोजण्याची गरज क्वचित पडते. ती पडते बाजारात, आणि बाजारात मोजणारा दुसरा असतो.

बाजाराची भाषा

व्यापाऱ्यांच्या तोंडून भाषा टिपण्याचा सर्वांत जुना प्रयत्नही एका जैन मुनींचाच आहे. उद्योतनसूरी यांनी जाबालिपूर, म्हणजे आजचे जालोर, येथे शके ७०० च्या अखेरीस, इ. स. ७७९ मध्ये 'कुवलयमाला' पूर्ण केली. तिच्यात बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या वणिजांचे वर्णन आहे. प्रत्येकाचा वर्ण, स्वभाव आणि तोंडातला एखादा शब्द असे ते चित्र आहे. मरहट्ट्यांच्या तोंडी घातलेल्या दोन शब्दांत मराठीचा भूतकाळी 'ल' स्पष्ट ऐकू येतो. भाषेच्या अभ्यासकांनी या दोन शब्दांना मोठे मोल दिले आहे. त्याच यादीत कोसल आहे आणि आंध्रही आहे. छत्तीसगडचा मैदानी मुलूख म्हणजे प्राचीन दक्षिण कोसल. म्हणजे चांद्याच्या जंगलाला ज्या तीन देशांच्या सीमा लागतात, त्या तिन्ही देशांचे व्यापारी त्या आठव्या शतकातील बाजारात उभे आहेत.

आधुनिक काळात या प्रदेशात जैन कुटुंबे आली ती मुख्यत्वे राजस्थान व गुजरातमधून, शिवाय विदर्भातच पूर्वापार मराठी बोलणारे सैतवाळ व इतर. भद्रावतीच्या स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थाचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जीर्णोद्धार झाला आणि यात्रेकरूंची वर्दळ वाढली. तीर्थाच्या धर्मशाळेत मारवाडी, गुजराती, हिंदी आणि मराठी एकाच अंगणात ऐकू येतात. परंतु भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे स्थान धर्मशाळेपेक्षा दुकानाचे.

मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शी अशा गावांतील जुन्या पिढीचे जैन दुकान म्हणजे चार भाषांचे घर होते. आतल्या स्वयंपाकघरात मारवाडी किंवा गुजराती. गल्ल्यावर झाडीबोली. वहीत महाजनी अक्षरे, ज्यांत काना-मात्रा नसत. 'काकाजी अजमेर गये' हे वाक्य कोणी 'काकाजी आज मर गये' असे वाचले आणि घरात रडारड झाली, ही गोष्ट या लिपीविषयी सर्वत्र सांगितली जाते. आणि सायंकाळी प्रतिक्रमणात अर्धमागधी. भाषेच्या अंगाने यातली सर्वांत लक्षणीय गोष्ट ही, की मारवाडी आणि गुजराती या दोन्ही भाषांत 'ण' आणि 'ळ' भक्कम आहेत. या भाषा बोलणारे लोक घरून 'पाणी' घेऊन आले आणि झाडीपट्टीच्या गिऱ्हाइकाला विचारू लागले, "पानी पेता का जी?" त्यांच्या नातवंडांचा डोळा 'डोरा' झाला. ज्याला 'ळ' येत नाही तो 'र' म्हणतो, ही समजूत येथे टिकत नाही. ज्यांना 'ळ' येत होता त्यांनीही तो सोडला, कारण समोरच्या माणसाशी आपलेपणाने बोलावयाचे होते.

आपलेपणाबरोबर व्यवहारही होता, आणि त्याबाबत स्मरणिकेतही मौन बाळगणे योग्य नव्हे. मध्य भारताच्या वनप्रदेशात मिठाच्या मोबदल्यात चारोळीसारखे मौल्यवान वनोपज घेण्याचा विनिमय दीर्घकाळ चालला. मोहा, लाख, हिरडा, टोरी यांच्या खरेदीत वजन व भाव ठरवणारा एकच पक्ष असे. त्या व्यापारात अनेक जातिधर्मांचे लोक होते आणि त्यांत जैनही होते. खंडी, कुडव, पायली ही मापे ज्याच्या तोंडी सहज होती त्याचाच हिशेब खरा धरला जाई. व्यापाऱ्याने गोंडी शिकली ती बहुधा सौद्यापुरती. गोंड माणसाला मात्र मराठी शिकावी लागली ती कचेरीसाठी, जंगलखात्यासाठी, दवाखान्यासाठी आणि दुकानासाठी. दोन भाषा शेजारी नांदतात तेव्हा कोण कोणाची भाषा शिकतो, यावरून सत्तेचा तराजू कोणीकडे झुकला आहे ते कळते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे वापरणे स्पष्ट शब्दांत निषिद्ध मानलेले आहे, याचे स्मरण पूर्वजांपैकी काहींनी कसोशीने ठेवले, काहींनी ठेवले नाही.

हा तराजू आता बराच सरळ झाला आहे. तेंदूपत्त्याचा व्यापार महाराष्ट्राच्या १९६९ च्या कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा स्वतः तेंदू व बांबूचे लिलाव करू लागल्या. ग्रामसभेची निविदा मराठी वर्तमानपत्रात छापली जाते आणि व्यापाऱ्याला ती वाचून गावात जावे लागते. सभेतील चर्चा मात्र बऱ्याच गावांत गोंडीत चालते.

खाण, आगगाडी आणि रंगमंच

वरोऱ्याची कोळसा खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या खाणी वाढत गेल्या. बल्लारपूर-काझीपेठ लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास जोडले गेले. १९४५ मध्ये बल्लारपुरात कागद कारखाना आला, १९८० च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. तेलंगणातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आणि छत्तीसगडमधून आलेल्या कामगारांनी खाणवस्त्यांत एक हिंदी घडवली. तिच्या क्रियापदांत मराठी डोकावते आणि शिव्यांत तेलुगू. नागपूरकडून 'काय करून रायला बे' हे वळण आले. त्यातले 'करून राहणे' हिंदीच्या 'कर रहा है' या रचनेवर बेतलेले आहे आणि रोजगारासाठी नागपूरला जाणाऱ्या तरुणांबरोबर ते गडचिरोलीपर्यंत पोचले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमुळे मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत बंगाली रुजली. तेथील बाजारात बंगाली मासळीवाली आणि गोंड गिऱ्हाईक यांच्यातला सौदा मराठीत होतो. दोघांचीही ती मातृभाषा नसते. अशा मराठीतून उद्या कोणता हेल निघेल, ते ऐकण्याजोगे असेल.

झाडीबोलीला सर्वाधिक आधार दिला तो झाडीपट्टी रंगभूमीने. दिवाळीनंतर धान घरात येते आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात. शंकरपटाच्या निमित्ताने माणसे जमत आणि रात्री नाटक लागे, अशी ही जोडी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा काही काळ ती तुटली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये शर्यतींना पुन्हा सशर्त मुभा मिळाली. देसाईगंज-वडसा हे नाटक कंपन्यांचे माहेरघर. येथे एक विसंगती आहे. नायक-नायिका दीर्घकाळ पुस्तकी मराठीत बोलत आल्या आणि झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला आली. लोकांनी टाळ्या मात्र त्या विनोदी पात्रालाच अधिक दिल्या. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वडशाच्या नाटकाचे नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांपर्यंत गेले.

शाळेने उलट काम केले. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ मध्ये स्थापन झाले आणि राज्यभर एकच मराठी पुस्तकांतून पोचू लागली. तिच्यामुळे भामरागडचा मुलगा आणि रत्नागिरीचा मुलगा एकमेकांचे पत्र वाचू शकतात, हा लाभ लहान नाही. पण घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गात एक शब्दही कळत नसे. हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया शिकून घेतली, मग औषध दिले. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात प्राकृत आणि पाली यांनाही तो मिळाला. मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करताना महाराष्ट्री प्राकृतातील ग्रंथांचा आधार घेतला गेला आणि त्या ग्रंथांचा मोठा भाग जैन भांडारांनी सांभाळलेला आहे.

झाडीपट्टीतील जैन घरांची आजची अवस्था याहून निराळी आहे. मुले पुण्या-बंगळूरला शिकतात, इंग्रजी आणि हिंदी बोलतात. मारवाडी आजीपुरती उरली, महाजनी लिपी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आणि जुन्या वह्या माळ्यावर पडून आहेत. त्या वह्यांत गावोगावच्या गिऱ्हाइकांची नावे, मापांचे शब्द आणि वनोपजांची स्थानिक नावे आहेत. देशीनाममालेसारखा एखादा नवा कोश त्यांतून निघू शकेल, पण तो वाचून दाखवणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत. रोवणीच्या दिवसांत दुकानात गर्दी असते. गल्ल्यावर बसलेले असे एखादे वृद्ध शेटजी समोरच्या म्हाताऱ्याला अजूनही विचारतात, "कोन्या बांधीत रोवना चालू हाये जी?" शेजारी बसलेला नातू फोनवर नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याशी हिंदीत बोलत असतो. म्हातारा उत्तर देतो ते त्याला समजते. त्याला त्या बोलीत उत्तर देता मात्र येत नाही.